खाली काही उरले नाही, असे म्हणण्याआधी

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात पुरातत्त्वाला आता करण्यासारखे काही राहिलेले नाही, असे मत हल्ली चांगली जाणती माणसेही सहज बोलून जातात. जुने बंदर गाळाने भरले, गावठाणावर चाळी झाल्या, चाळी पाडून टॉवर उठले, खाडीतली रेती ड्रेजरने उपसून झाली. तेव्हा जे काही असेल ते ग्रंथांत आणि ताम्रपटांत, जमिनीत काही नाही, असा एकूण सूर असतो. याच्या अगदी उलट टोकाचे मतही इथेच ऐकू येते. पायाच्या खड्ड्यात घडीव दगड किंवा नाण्यांचा लोटा सापडला की दुसऱ्या दिवशी तो ‘शिलाहारकालीन’ किंवा ‘हजार वर्षांपूर्वीचा’ ठरतो, आठवडाभर त्याची चर्चा होते आणि मग तो कुठल्या देवळाच्या ओट्यावर गेला की भंगारात, हे कुणी विचारत नाही. ही दोन मते वरवर एकमेकांच्या विरोधात असली तरी त्यांचा पाया एकच आहे. सापडलेली वस्तू नीट तपासावी, असे दोघांनाही वाटत नाही. पहिल्याच्या लेखी ती तपासण्याच्या लायकीची नसते, आणि दुसऱ्याला तपासण्याआधीच सगळे कळलेले असते. माझे म्हणणे असे, की या पट्ट्यात पुरावा मुबलक आहे; नाही ती तो ओळखणारी, जपणारी आणि पुन्हा तपासू देणारी प्रयोगशाळा. ती होत नाही तोवर ‘काही नाही’ आणि ‘सगळे आहे’ ही दोन्ही विधाने सारखीच निराधार आहेत.

‘जमिनीत काही नाही’ म्हणणाऱ्यांनी ठाण्याच्या इतिहासाचा पहिला ठोस पुरावा कुठून आला ते आठवावे. 1787 साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी पाया खणताना ताम्रपट हाती लागले. शिलाहार राजा अरिकेसरी याचे ते दानपत्र होते, शके 939 चे, म्हणजे इसवी सन 1017 चे. जनरल कारनॅकने ते पुढे पाठवले, रामलोचन पंडितांनी अर्थ लावला आणि कलकत्त्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात, 1788 मध्ये, त्याचा अनुवाद छापून आला. उत्तर कोकणच्या शिलाहारांचा अभ्यास, ज्याचा कळस पुढे 1977 साली वा. वि. मिराशींच्या शिलाहार लेखसंग्रहाने झाला, तो असा पायाच्या खड्ड्यातून सुरू झालेला आहे. तेव्हा पाया खणायला कुदळी आणि पहारी होत्या. दिवसाला हातभर माती निघे आणि ती माणसाच्या डोळ्यांसमोरून जाई. आज पोकलेन तीन मजली बेसमेंट काही दिवसांत रिकामे करते आणि डंपर माती भरावाला नेऊन टाकतो. माती वर येण्याचे प्रमाण कितीतरी वाढले आहे, ती पाहणाऱ्या डोळ्यांचे घटले आहे. या घटीला ‘जमिनीत काही नाही’ असे नाव देणे हा तर्कदोष आहे.

कल्याणचे उदाहरण याहून बोलके आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी माहितीपुस्तकात कल्याण हे थोरल्या सारगनाच्या काळी रीतसर मान्यता असलेले बंदर होते, पुढे संदनाच्या ताब्यात गेल्यावर तिथे चुकून येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भरूचला नेली जात, असे म्हटले आहे. कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणचे व्यापारी आहेत, सामिदत्त नावाचा कल्याणचा सोनार आहे, कल्याणचा एक लोहारही आहे. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने ज्या ‘कल्लियाना’चे वर्णन केले ते हेच कल्याण मानले जाते, तिथून धातू, लाकूड आणि कापड बाहेर जाते, आणि तिथल्या ख्रिस्ती लोकांचा बिशप इराणातून नेमला जातो, असे तो नोंदवतो. म्हणजे गावात सोनार होते, लोहार होते, धातूचा व्यापार होता, इराणशी येणे-जाणे होते. सोनार-लोहारांच्या पिढ्या जिथे काम करून गेल्या तिथे भट्टीची जळकी माती, धातुमळीचे गोळे, मुशींचे तुकडे पडणारच. या वस्तूंना सौंदर्य नसते. काळपट, सच्छिद्र, बोराएवढा किंवा मुठीएवढा दगड, एवढेच दिसते. मुकादम त्याला रस्त्याची खडी समजतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. कॉस्मसच्या त्या धातूचेच घ्या. तो तांबे होता की पितळ, हे ग्रंथावरून पक्के ठरत नाही. मुशीच्या तुकड्यावरून ठरू शकते. पितळ करताना जस्ताची वाफ होते, कारण जस्त 907 अंशांनाच उकळू लागते. ती वाफ मुशीच्या आतल्या बाजूच्या मातीत मुरते. क्ष-किरण प्रतिदीप्ती यंत्राखाली तुकड्याची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी मोजली आणि आत जस्त ठळकपणे जास्त निघाले, तर त्या मुशीत पितळ झाले असे म्हणायला आधार मिळतो. कारखान्यांच्या या पट्ट्यात मातीतच जस्त असू शकते, म्हणून त्या खड्ड्यातली रिकामी मातीही सोबत मोजावी लागते. कल्याण पितळ निर्यात करत होते का, या पंधराशे वर्षांच्या प्रश्नाचे उत्तर कदाचित अशा एखाद्या तुकड्यात असेल, आणि तो ओळखण्याची कुठलीही सोय आपण आपल्या गावात केलेली नाही.

इराणशी असलेल्या येण्या-जाण्याचा पुरावा कसा दिसेल, तेही सांगता येते. अरुंद बुडाचे, लांबोडे, बिनकानाचे एक भांडे इराणी आखाताच्या बाजूने द्रवपदार्थ भरून समुद्रमार्गे येत असे; अभ्यासक त्याला टॉर्पेडो जार म्हणतात. ते पाझरू नये म्हणून आतून नैसर्गिक डांबराचा थर दिलेला असे. मातीतून वर येतो तो बोटभर जाडीचा, फिकट मातकट, एका बाजूने काळा पडलेला तुकडा. डोंबिवलीच्या किंवा कल्याणच्या बांधकामावर असा तुकडा निघाला तर काय होईल? गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे डांबर लागलेले कौल म्हणून तो राबिटात जाईल. त्यात नवल नाही, कारण तज्ज्ञांचीही इथे फसगत झाली आहे. 1945 मध्ये मॉर्टिमर व्हीलरने अरिकामेडूला उत्खनन केल्यापासून भारतीय किनाऱ्यावरच्या आयात खापरांत रोम शोधण्याची सवय अभ्यासकांना लागली आणि जाड आयात खापरे रोमन मद्यकुंभांची, म्हणजे अँफोरांची, म्हणून नोंदली गेली. रोबर्टा टॉम्बर या मृद्भांडीतज्ज्ञ विदुषीने ती खापरे संग्रहांतून पुन्हा काढून एकेक तपासली आणि त्यांतली पुष्कळशी रोमन नसून आखाती टॉर्पेडो जारची आहेत, असे 2007 साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात मांडले. तुकडा तोच राहिला, पण व्यापाराची दिशा बदलली आणि काळही काही शतके अलीकडे सरकला. पुढच्याच वर्षी श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या अशाच खापरांवरच्या डांबराचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. गॅस क्रोमॅटोग्राफीने डांबरातले सूक्ष्म सेंद्रिय अवशेष वेगळे करून त्या डांबराचा उगम इराणातल्या सूसा परिसराशी जुळतो, असे त्यात दाखवले होते. इराणातून बिशप येत होता असे ग्रंथ सांगतो. त्याच जहाजमार्गाने काय काय येत होते ते खापर सांगू शकते. पण तेवढ्यासाठी ते खापर डंपरमध्ये जाता कामा नये.

यावर जाणकारांचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. ते म्हणतात, टॉम्बर यांनीही ओळख पटवली ती आधी नजरेनेच. मग यंत्रांचे एवढे कौतुक कशाला, चांगला अभ्यासक गाठावा म्हणजे झाले. यातला पहिला भाग खरा आहे. भिंगाखाली खापराची ताजी कड पाहून मातीचा पोत, त्यातली वाळू, कोंडा, अभ्रक ओळखणे हे माणसाचेच काम आहे, आणि कुठलेही यंत्र आपण होऊन प्रश्न विचारत नाही. पण ती नजर कामाला आली, कारण खापरे पिशव्यांत, क्रमांक घालून, वर्षानुवर्षे ठेवलेली होती आणि शेजारी ठेवून पाहायला दुसऱ्या देशांतले नमुने होते. प्रयोगशाळा म्हणजे आधी असा नमुना संग्रह आणि एक मोठे टेबल, यंत्रे त्यानंतर. आणि नजर कितीही तयार असली तरी ती चुकते, म्हणून ती पुन्हा तपासता आली पाहिजे. आपल्या शेजारच्या अंबरनाथच्या शिवमंदिराचाच दाखला आहे. तिथल्या शिलालेखातले वर्ष भाऊ दाजींसारख्या थोर विद्वानाने शके 782 असे वाचले होते. नंतर भगवानलाल इंद्रजींनी ते शके 982 असल्याचे दाखवले. एका आकड्याने मंदिर दोनशे वर्षे अलीकडे आले. आज आपण ते 1060 सालचे म्हणतो. भाऊ दाजींची योग्यता याने कमी होत नाही. लेख जागेवर होता म्हणून दुसऱ्याला तो वाचता आला आणि चूक सुधारली गेली. पायाच्या खड्ड्यातल्या वस्तूला हे भाग्य नाही. तिच्याबद्दल पहिल्या दिवशी जे बोलले जाते तेच शेवटचे ठरते, कारण दुसऱ्या दिवशी ती नसते.

इथे एका गैरसमजाचाही समाचार घेतला पाहिजे. मूर्ती सापडली की ‘कार्बन डेटिंग करा’ अशी मागणी होते. दगडाचे कार्बन डेटिंग होत नाही, तांब्या-शिशाच्या नाण्याचेही नाही. ती पद्धत कोळसा, लाकूड, हाड, धान्य अशा एकेकाळी जिवंत असलेल्या पदार्थांची आहे, आणि तीही तो जीव कधी मेला एवढेच सांगते. घडवलेली वस्तू कधी वापरात होती ते सोबतच्या थरावरून ठरवावे लागते. समुद्री शिंपल्याचे वय तर खऱ्याहून काही शतके जास्त निघते, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बनच जुना असतो. खाडीकाठी काम करणाऱ्याने हे विसरून चालत नाही. भाजलेल्या मातीच्या भांड्याचे शेवटचे भाजणे कधी झाले ते उष्मादीप्तीने काढता येते. मुंबईला हे शास्त्र परके नाही. साठच्या दशकात टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेडिओकार्बनची प्रयोगशाळा चालत होती, आणि महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगीन गावांच्या कालनिर्णयात तिच्या ‘टीएफ’ क्रमांकांचा मोठा वाटा आहे. पुढे ते काम अहमदाबादला गेले. एवढी परंपरा असलेल्या प्रदेशात दगडी मूर्तीचे कार्बन डेटिंग मागितले जावे, हे आपल्या शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षणाचे अपयश आहे.

‘पुण्याला डेक्कन कॉलेज आहे, सापडले की तिकडे पाठवा’ हा दुसरा आक्षेप. डेक्कन कॉलेजची बरोबरी करणारी संस्था इथे काढा, असे मी म्हणतच नाही. अडचण पुण्याच्या अंतराची नाही, पहिल्या आठवड्याची आहे. खाडीकाठच्या मातीत मीठ असते. भांडे त्या मातीत शतकानुशतके ओले होते. वर काढून उन्हात ठेवले की त्याच्या छिद्रांतले मीठ स्फटिक होऊन फुगते आणि पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. रंगकाम, झिलई, अक्षरे त्या पापुद्र्यांबरोबर जातात. उपाय साधा आहे: भांडे स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचे, पाणी बदलत राहायचे, आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजत राहून ती वाढायची थांबली की मीठ निघाले असे समजायचे. तांब्याच्या नाण्यांत क्लोराइड मुरलेले असेल तर आपल्या पावसाळी हवेत त्यावर फिकट हिरवी भुकटी धरते. त्यातून आम्ल सुटते, ते आणखी तांबे खाते, आणि पुन्हा क्लोराइड तयार होते. नाणे कोरड्या हवेत, सिलिका जेलसोबत बंद केले नाही तर हे चक्र थांबत नाही. ओल्या गाळातले लाकूड सुकले की आक्रसते, चिरते. हे सगळे पत्रव्यवहार पुण्याला पोहोचण्याआधीच होऊन जाते. घरोघरच्या चांगुलपणानेही नुकसान होते. सापडलेले नाणे लख्ख करायला चिंच-लिंबाने घासले जाते, आणि ज्या गंजाच्या थरात राजाच्या नावाची अक्षरे टिकून होती तो थरच धुऊन निघतो.

पुरातत्त्वाच्या शिस्तीतून येणारा आक्षेप असा, की यंत्राने उकरलेल्या वस्तूला थर नसतो, आणि थर नसलेली वस्तू पुराव्याच्या दृष्टीने मुकी असते. थराचे महत्त्व मला मान्य आहे. शास्त्रीय उत्खननाची सर खड्ड्यातल्या वेचणीला कधी येणार नाही. पण कल्याणच्या जुन्या वस्तीत सोपारा किंवा नेवासे यांच्या तोडीचे मोठे उत्खनन आजवर झालेले नाही, आणि घनदाट वस्तीत ते उद्या होईल असेही दिसत नाही. निवड आदर्श उत्खनन आणि सदोष वेचणी यांत असती तर गोष्ट वेगळी होती. इथे निवड सदोष वेचणी आणि भरावाचा डंपर यांत आहे. शिवाय मुशीतले जस्त आणि खापरातले डांबर थर हरवला तरी हरवत नाही. वस्तू कशाची आणि कुठली, हे तिच्या अंगातच असते. थरही सगळाच जातो असे नाही. माती उचलली गेली तरी खड्ड्याची भिंत काही काळ उभी असते, आणि तिच्यात राखेचा पट्टा, खापरांचा थर, गाळाची रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते. मोजपट्टी लावून त्या भिंतीचा फोटो काढणे आणि प्रत्येक थरातली मूठभर माती पिशवीत घेणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. कल्याण-डोंबिवलीलगतच्या सत्तावीस गावांत तर कित्येक जागी शेतजमीन आयुष्यात पहिल्यांदाच एवढी खोल खणली जात आहे. डोंबिवलीचे किंवा या गावांचे नाव कुठल्या ग्रीक ग्रंथात नाही. त्यांचा जुना इतिहास कळायचा तर तो मातीतूनच कळेल.

आणि गाळाने बंदर भरले म्हणून काही उरले नाही, हे म्हणणे तर वस्तुस्थितीच्या नेमके उलटे आहे. इस्तंबूलमध्ये रेल्वे आणि मेट्रोच्या स्थानकासाठी येनिकापी इथे 2004 पासून खोदकाम झाले, तेव्हा गाळाने भरून गेलेल्या बायझंटाइन बंदरातून 37 जहाजांचे अवशेष निघाले. प्राणवायू न पोहोचणाऱ्या त्या चिखलानेच लाकूड टिकवले होते. काम लांबले, त्यावर तिथे राजकीय नाराजीही झाली, तरी 2013 मध्ये रेल्वे सुरू झाली. लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीच्या पायातून, ओल्या चिखलातून, रोमन काळच्या चारशेहून अधिक लाकडी लेखनपट्ट्या निघाल्या. त्यांतली एक इसवी सन 57 सालचा कर्जरोखा आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे खांब खाडीच्या आजूबाजूच्या याच गाळात उतरत आहेत.

राहिला वेळेचा आणि पैशाचा प्रश्न. बिल्डरला भीती वाटते ती काम थांबण्याची, आणि ती खोटी नाही. 1878 च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचे सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. पण कळवल्यानंतर किती दिवसांत कोण येणार, हे साइटवरच्या माणसाला कुणी सांगत नाही. ज्याला मुदत नाही त्याची धास्ती वाटते, आणि धास्तीपोटी वस्तू दडवली जाते. गावातच प्रयोगशाळा असली, तिचा माणूस दोन दिवसांत येऊन पाहून जाणार हे ठरलेले असले, तर कळवणे हा तोट्याचा व्यवहार राहत नाही. खर्चाचे म्हणाल तर पहिल्या पायरीला लागते काय? धुण्याचे हौद, चाळण्या, भिंगे आणि एक चांगला सूक्ष्मदर्शक, विद्युतवाहकता मोजायचे उपकरण, कोरडी बंद कपाटे, कॅमेरा, नोंदवही आणि ती प्रामाणिकपणे भरणारी दोन-तीन प्रशिक्षित माणसे. महाग यंत्रे विकत घ्यायची गरजच नाही. पवईच्या आयआयटीत बाहेरच्यांना शुल्क भरून विश्लेषण करून मिळते. रसायनशास्त्राचे विभाग ठाण्याच्या बांदोडकर, कल्याणच्या बिर्ला आणि डोंबिवलीच्या पेंढरकर महाविद्यालयात आहेत, मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात आणि कल्याणात आहेत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत तर गॅस क्रोमॅटोग्राफी रोजच्या हाताखालची असलेले रसायनतज्ज्ञ पिढ्यान्‌पिढ्या नोकरी करत आले आहेत. या ज्ञानाला आपल्या गावाच्या खापरापर्यंत आणणारा दुवा तेवढा नाही. तो दोन महापालिका आणि विद्यापीठ यांनी ठरवले तर एका वर्षात उभा राहू शकतो.

म्हणून मागणी नेमकी आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी गावठाणातल्या आणि खाडीकाठच्या बेसमेंटच्या परवानगीला एक अट जोडावी: खोदाईची तारीख आधी कळवायची आणि खड्ड्याची भिंत एकदा पाहू द्यायची. विद्यापीठाने आपल्या उपकेंद्रांपैकी एकात दोन खोल्या द्याव्यात. आणि वाचकांपैकी कुणाच्या इमारतीचा पुनर्विकास होत असेल, तर एवढे तरी करा. काही निघाले तर ते घासू नका, चिंच लावू नका, उन्हात वाळवू नका. ओले असेल तर ओलेच, त्याच मातीसकट पिशवीत ठेवा. जागा, खोली आणि तारीख कागदावर लिहून तो कागद वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये घालून त्याच पिशवीत टाका. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी कळवून पोच घ्या.